गाडी कुणासाठी मऊ होते

घाटाच्या वळणावर बाटलीतलं पाणी जराही डुचमळलं नाही, आणि तिथंच मोरेश्वरांचा पारा चढला.

"रेसची गाडी घेतली, आणि चालते पाळण्यासारखी! तू घाबरतेस, शालन, म्हणून ही मऊ होते."

आत बसलेल्यांपैकी जो जास्त घाबरलेला असेल, त्याच्या मानानं गाडी धक्के झेलणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर सैल सोडायची, वेगही आवरायची.

"मग मी उतरते पुढच्या चहाच्या टपरीपाशी," शालन म्हणाली. "तुम्ही एकट्यानं एक चक्कर मारून या. हौस फिटू दे."

ती उतरल्यावर मोरेश्वरांनी अ‍ॅक्सिलरेटरवर जोर दिला. हल्ली सगळंच दिसायचं तसा समोरचा ट्रकही उशिरा दिसला. गाडी पुन्हा मऊ झाली. आत दुसरं कुणीच नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी सोडा म्हटलं होतं, ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

ते सावकाश टपरीपाशी परतले.

"ही माझ्यासाठी मऊ होते, तुला ठाऊक होतं?"

"केव्हाचं."

"मग माझी बोलणी का खाल्लीस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. चहा घ्या."

चहा तसाच ठेवून मोरेश्वर स्टिअरिंगकडच्या दारापाशी गेले आणि त्यांनी ते तिच्यासाठी उघडून धरलं.

"आजपासून तू चालव. मी गाडी सोडली."