कोकमाचा कारखाना

नकाशावर सात गावं होती आणि सगळ्यांच्या सामाईक कोकम कारखान्यासाठी एकाच गावावर खूण पडणार होती. सरपंच रेवती घाडी अधिकाऱ्यांसमोर बसली होती. तिच्या गावच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या आणि बाहेर वाट बघत होत्या.

"तुमची जागा रस्त्यालगत आहे, बहुतेकांची पसंती तिलाच," अधिकारी म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी असतं ना?"

हो म्हटलं की काम झालं असतं. पण गावची विहीर मार्चमध्येच तळ गाठते आणि कोकमं पिकतात एप्रिल-मेमध्ये. कारखाना बंद पडला, तर सातही गावांचं नुकसान होणार होतं.

"नसतं," ती कशीबशी म्हणाली. "पलीकडच्या गावाला नदी आहे. तिथं करा."

खूण पलीकडच्या गावावर पडली.

ती बाहेर आली. बायका भोवती जमल्या.

"कारखानो आपल्याकडे नाय होवचो, पलीकडच्या गावात होतलो. मीच नको म्हटलंय. पाणी पुरूचा नाय," तिने एका दमात सांगून टाकलं.

एकेक बाई टेम्पोत चढली. रेवती खालीच उभी राहिली.

शेवटी शेवंताकाकींनी टेम्पोतून डोकं बाहेर काढलं.

"थंय कामाक जावचा तर सकाळची एसटी किती वाजता आसा, ता विचारून ये गो."