दोन शब्द

तिसरा वक्ता माइककडे निघाला तेव्हा मीनलने घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

कात्रपच्या या हॉलमध्ये एक वाजता कुणाचं तरी बारसं होतं. मागून आत्ताच मसालेभाताचा वास यायला लागला होता. स्टेजच्या कोपऱ्यात पियानो उभा. त्याच्यावर हार, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचं तरी हेल्मेट.

मधल्या खुर्चीत तिचा नवरा, देवदत्त. तीस वर्षं युरोपात पियानो वाजवून बदलापूरला परतलेला 'मातीचा सुपुत्र'. सत्काराचा नारळ त्याने डाव्या हाताने घेतला होता. इतकंही विसरला, म्हणून मीनलच शरमली. आता तो उजवा हात शालीखाली घेऊन शांत बसला होता. परदेशी सभ्यता.

पहिल्या रांगेत तिच्या शेजारी विष्णुपंत. देवदत्तला पहिले सूर शिकवणारे. वय एकोणनव्वद. बेलवलीहून रिक्षाने आलेले, शिष्याला एकदा तरी समोर बसून ऐकायला.

"कधी वाजवणार गं?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"हे झाले की लगेच, सर."

"मी फक्त दोन शब्द बोलतो," बिल्डर भगवंतशेठ म्हणाले. वीस मिनिटं झाली. "मला पियानोतलं काय कळत नाय. पण आमच्या नव्या टॉवरला मी 'पियानो हाइट्स' नाव देतोय. वाजवा टाळ्या!"

पुढच्याने पियानो आणि पेटीतला फरक समजावला. चुकीचा.

मीनलने देवदत्तकडे पाहिलं. तीन महिने हा माणूस दार लावून रियाझ करतोय. बाहेरून ऐकताना वाटायचं, जुनी रेकॉर्डच लावलीय, इतकं नेमकं. कशासाठी? या लाळघोटेपणासाठी?

देवदत्तने सूत्रसंचालन करणाऱ्या राजसीकडे तिसरी चिठ्ठी सरकवली. आवरा म्हणत असणार. राजसीने ती वाचली, मान डोलावली आणि सहावं नाव पुकारलं.

निर्लज्ज!

पाऊण वाजता राजसीने माइक घेतला. "वेळेअभावी पियानोवादन होऊ शकत नाही. दिलगीर आहोत."

टाळ्या पडल्या. मागून पाळणा आत आला.

"असू दे. पुढच्या वेळी," विष्णुपंत काठी शोधत म्हणाले.

मीनल तडक स्टेजवर गेली. "तीन-तीन चिठ्ठ्या दिल्या त्यांनी! लाज नाही वाटत?"

"ओ मॅडम, माझ्यावर कशाला ओरडताय? तुम्हीच वाचा ना." राजसीने शेवटची चिठ्ठी तिच्या हातात कोंबली.

अक्षर वेडंवाकडं होतं, डाव्या हाताने काढल्यासारखं: 'अजून कोणी बोलणारं आहे का? एक वाजेपर्यंत ओढा. मीनलला कळू देऊ नका.'