मांडीत जीव यावा म्हणून

"ते इंजेक्शन सोडून दुसरं काय असेल ते सांगा," मास्तर बाईंच्या शेजारच्या खुर्चीतून उठतच म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, टाके कधीच सुकले होते. पण दोन महिने उलटले तरी बाईंच्या मांडीत जीव नव्हता. वॉकर धरून चार पावलं टाकली की पाय लटलट कापायचा.

"ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे, पण मात्रा थोडी," डॉक्टर बाईंना म्हणाले. "आठवड्याला एक, सहा आठवडे. स्नायू भरून यायला मदत होईल. व्यायाम मात्र चुकवायचा नाही."

बाईंना हसूच आलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या देशातल्या पहिल्या नंबरच्या गोळाफेकपटू होत्या. लघवीच्या तपासणीत स्टेरॉइड सापडलं आणि कायमची बंदी आली. मी कशाला हातही लावलेला नाही, हे त्यांनी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. सख्ख्या भावानंही ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त मास्तरांनी, त्यांच्या प्रशिक्षकांनी. प्रयोगशाळेनंच घोळ घातला, असं ते चारचौघांत छातीठोकपणे सांगत. सगळ्यांनी पाठ फिरवली त्याच वर्षी त्यांनी बाईंना लग्नाचं विचारलं. लग्नानंतरही बाईंच्या तोंडी 'मास्तर'च राहिलं.

"ज्यानं तुझी अब्रू घेतली, तेच अंगात टोचून घेणार?" घरी आल्यावर मास्तर म्हणाले.

"आता कोण माझं पदक काढून घेणार आहे? मला नातीला कडेवर घ्यायचंय. कुणाचा हात न धरता न्हाणीघरात जायचंय."

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांनीही हा माणूस आपल्या अब्रूला जपत होता.

इंजेक्शनं सुरू झाली. मास्तर दर खेपेला सोबत यायचे, पण सुई टोचताना बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात बाई हात न टेकता खुर्चीतून उठल्या. पाचव्यात जिना चढल्या, तोही न थांबता. जेवून तास होत नाही तोच त्या पुन्हा स्वयंपाकघरात डबे उघडू लागल्या. पाठीवर फोड आले. आवाज असा घोगरा झाला की फोनवर मुलीनं "बाबा, आईला द्या ना," म्हटलं.

"सुईचेच परिणाम," डॉक्टर म्हणाले. "आता थांबवू. तुमचं काम झालंय."

त्या दिवशी बाई एकट्याच गेल्या होत्या, काठीसुद्धा न घेता. परतल्या तेव्हा मास्तर शर्टाला इस्त्री करत होते.

"काय म्हणाले?"

"भूक, फोड, हा आवाज, सगळं त्या सुईमुळे."

"तरी मी सांगत होतो, नको घेऊस."

"हो, सांगत होतात खरे." बाई त्यांच्यासमोर येऊन ताठ उभ्या राहिल्या. "बंदी आली त्या वर्षी तुम्ही दर सोमवारी जीवनसत्त्वाची म्हणून मला सुई टोचायचात, तेव्हाही मला हेच सगळं झालं होतं, मास्तर."