कोणतं भाष्य घ्यावं

"आधी एखादं चांगलं भाष्य वाचून ये, मग बोल," सासरे म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

अभ्यासवर्गात कुणीतरी खाकरलं. सुनेचे कान तापले. तिने विचारलं होतं ते इतकंच, की येशू दोघी बहिणींच्या घरी येतो, तेव्हा घरात राबणारीला बोल आणि पायाशी बसणारीला शाबासकी, असं का?

चर्चमागच्या हॉलमधला हा बायबलचा वर्ग सासरेच चालवत आले होते. आता त्यांचा घसा साथ देईनासा झाला होता आणि कमिटी त्यांच्या खुर्चीसाठी माणूस शोधत होती. एकदोघींनी सुनेचं नाव काढलं, तेव्हा सेक्रेटरी हसले होते. "बाई शिकवणार? भले!"

घरी आल्यावर ती नवऱ्यावर उखडली. "बाबांनी माझ्यासाठी एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?"

"खुर्ची घरातल्या घरात फिरवली, असं म्हणायला लोक मोकळे झाले असते," नवरा दुसरा मोजा शोधत म्हणाला. "आणि बाबांच्या हातून तू घेतेस का काही? परवा त्यांनी मीठ पुढे केलं, तर उठून दुसरी बरणी आणलीस."

ते मात्र खरं होतं. लग्न झाल्यापासून तिचं आणि सासऱ्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चष्म्याच्या कारखान्यातून निघाली ती थेट धार्मिक पुस्तकांच्या दुकानात. बोटांवर काचा घासल्याची पांढरी पूड तशीच होती. तिने एक चकचकीत अभ्यासमार्गदर्शिका उचलली.

पुस्तकवाल्याने मान हलवली. "ही नको. प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच."

"मग ते जाडजूड?"

"ते उपदेश करणाऱ्यांसाठी. तुमचं अडलंय कुठे?"

तिने सांगितलं. सासऱ्यांचं नावही सांगितलं, जरा दात ओठ खाऊनच. पुस्तकवाल्याने कान खाजवला. "गुरुवारी या."

गुरुवारी एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं भाष्य गल्ल्याशेजारी तयार होतं. "यात मूळ शब्दांचे अर्थ आहेत," तो म्हणाला. "आणि लक्षात ठेवा ताई, 'इथे अभ्यासकांचं जमत नाही' असं जे भाष्य कबूल करतं, ते जवळ ठेवायचं. ज्याला सगळंच ठाऊक असतं, ते परत आणायचं." एरवी हो-नाहीपलीकडे न बोलणारा हा माणूस त्या दिवशी पाठ केल्यासारखं घडाघडा बोलला. तिला नवल वाटलं, पण पुस्तक उघडायची घाई जास्त होती.

त्या रविवारी तिने वर्गात तोंड उघडलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे एकाचं मत झालं. याच्या उलट कोण बोललंय?"

तिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी उलट बोलणारं भाष्य दुकानात हजर होतं. मग सासऱ्यांनी विचारलं, त्या काळची रीत काय होती? तेही पुस्तक मिळालं. पुस्तकवाला म्हणजे तिला देवमाणूस वाटू लागला. घरात मात्र सासरे पेपराआड आणि ती भाष्याआड. भाजी दोनदा करपली. नवरा निमूटपणे जेवला.

शेवटी कमिटी वर्गाला येऊन बसली. सेक्रेटरी पहिल्याच रांगेत. सासऱ्यांनी मुद्दामच तो दोन बहिणींचा उतारा काढला.

"ती पायाशी बसली. खाली, गप्प. यातच तिचा मोठेपणा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कुणाला काही म्हणायचंय?"

सून उठली. "हा उतारा लिहिणाऱ्याच्याच दुसऱ्या पुस्तकात प्रेषित पौल भर गर्दीत सांगतो, की मी गुरूच्या पायाशी शिकलो. तिथे आपण त्याला गप्प बसलेला म्हणत नाही, शिष्य म्हणतो. मग हीसुद्धा शिष्यच. आणि शिष्य शिकतो तो पुढे शिकवायला."

"आणि राबणारी?"

"तिच्या कामासाठी जो मूळ शब्द आहे, तोच पुढे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेसाठी येतो. एक भाष्यकार म्हणतो, तिला काम थांबवायला नव्हे, घोर सोडायला सांगितलंय. दुसऱ्याला ते मान्य नाही. माझंही अजून पक्कं ठरत नाही. दोन्ही बाजू मांडल्या. आता तुम्ही वाचा आणि ठरवा."

सासऱ्यांनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला.

"यावर माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. "या गृहस्थांना निरुत्तर करणारं दुसरं कुणी मी तरी पाहिलेलं नाही," ते पुटपुटले आणि तिच्या नावासाठी सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर गेला. मग बाकीचे भराभर वर आले. ती खुर्चीत बसली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

घरी जाताना सासरे पुढे चालत राहिले, एकदाही मागे वळले नाहीत. लागलं असेल मनाला, तिला वाटलं. लागू दे. ती जिंकली होती, तेही कुणाच्या मेहेरबानीशिवाय.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात जवळजवळ पळतच शिरली. पुढचा अभ्यास संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा होता. पण पुस्तकवाला बाहेर गेला होता. गल्ल्यावर त्याची बायको होती. तिने सुनेला कधी पाहिलेलं नव्हतं.

"चर्चच्या अभ्यासवर्गासाठी काही काढून ठेवलंय का?" सुनेने विचारलं.

"ठेवलंय ना. बरं झालं आलात." बाईंनी एक जाड भाष्य पुढे सरकवलं. "त्या वर्गातल्या आजोबांनीच निवडून दिलंय सुनेसाठी, नेहमीसारखं. म्हणाले, आता तिला आडवे प्रश्न विचारायला मी समोर नसेन, तेव्हा या वेळी तिच्याशी भांडणारं भाष्य द्या." मग त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तिच्या कानावर जाऊ देऊ नका हं, तिला यातलं काहीच माहीत नाही."