डाव्याच गुडघ्याचे दुखणे

मारुतीच्या मैदानावर रोज चालणाऱ्या पाचही जणींचा डावाच गुडघा दुखत होता.

“वय झालं गं. लेकाने चालणंच बंद करायला सांगितलंय,” नलिनी म्हणाली. घराबाहेर पडायला तिला तेवढेच निमित्त होते.

“उजवा गुडघाही तुझ्याच वयाचा आहे,” निवृत्त विज्ञानशिक्षिका कुमुद म्हणाली. वय, वात, थंडी, यांपैकी काहीही एकच पाय निवडून छळेल, हे तिला पटेना. तिने मैदानातल्या गोल पायवाटेवर बाटलीतले पाणी ओतले. ते सरळ बाहेरच्या कडेकडे धावले. “उद्यापासून उलटं फिरू.”

“मारुतीला उलटी प्रदक्षिणा? पाप लागेल, बाई,” नलिनी म्हणाली.

“मग शाळेच्या पटांगणावर चल. तिथे देवही नाही, उतारही नाही.”

महिन्याभरात नलिनीचा गुडघा दुखायचा थांबला. दोष चालण्याचा नव्हता. मैदानामधल्या मारुतीला उजव्या हाताला ठेवून कलत्या वाटेवर एकाच दिशेने फिरताना डावा पाय कायम खालच्या अंगाला पडत होता.