लाइन बंद आहे ना?

तिने फ्रीजमधल्या बाटल्यांना हात लावला. दूध वितळलं होतं, पण अजून गार होतं. सातव्या महिन्यातच जन्मलेली तिची लेक शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती आणि तिच्यासाठी पिळून ठेवलेलं दूध एवढंच होतं. परवापासून पान्हाच फुटत नव्हता. चक्रीवादळाने रस्ते अडवले होते.

छपरावरच्या सोलर पॅनेलवर लख्ख ऊन होतं, तरी घरात वीज नव्हती. बेटाचा नवा कायदाच तसा होता. गावची वीज गेली की घरोघरची सौरवीजही आपोआप बंद.

"एक तार फिरवतो, पोरी, की फ्रीज चालू," शेजारचे काका स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले होते. "राजधानीतले साहेब काय शिडी लावून बघायला येतायत?"

"ते कलम कुणामुळे आलं, विसरलात का काका?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मागच्या वादळात कुणीतरी अशीच तार फिरवली होती. लाइन बंद आहे समजून तिचा वायरमन दादा खांबावर चढला आणि त्या छपरावरून तारेत उलट आलेल्या विजेने त्याचा जीव घेतला.

दुपारी दूध नासलं. ती एकेक बाटली जास्वंदीच्या मुळाशी रिती करत होती, तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. खांबापाशी एक अनोळखी वायरमन उभा होता.

"ताई, तुमच्याकडची लाइन बंद आहे ना? चढू?"

रिकामी बाटली तिने छातीशी घट्ट धरली.

"बंद आहे, दादा. चढा तुम्ही."