हत्याराचा विसावा

७ टक्के

जुन्या डिस्कमधून पुन्हा टकटक आली. हेमावतीने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. आकडा पुढे सरकला.

"एकदाच चालेल, अक्का," दुरुस्तीवाला काल म्हणाला होता. "मध्येच बंद पडली तर आशा सोडा."

डिस्क नवऱ्याची, नंजुंडाची. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. गावोगावची गाणी तो रेकॉर्ड करून ठेवी आणि फोल्डरना कन्नडमध्ये नावं देई. आता ती वर्णमालेच्या क्रमाने नव्या डिस्कवर उतरत होती. सर्वांत वर 'अव्वा', म्हणजे त्याच्या आईने गायलेली लग्नातली गाणी. सर्वांत खाली 'हेमा'.

आजारपणात तो रोज दार लावून काहीतरी बोलत बसे. "तुझ्यासाठी आहे. नंतर ऐक," एवढंच म्हणाला होता. तिला अजून उघडायचा धीर झाला नव्हता.

आज ऐकणार होती.

४१ टक्के

सासू साकम्मा झेंडूच्या माळा ओवत होती. दुखवट्याचं वर्ष सरल्यावरची पहिली आयुधपूजा, घरातली हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस. कोयता, विळी, शिवणयंत्र पाटावर ओळीने मांडलेलं. दारात धुतलेली स्कूटर.

८८ टक्के

"हेमा, स्कूटरपुढे कोहळा फोडायचाय. ऊठ गं! त्या डबड्याकडे बघून पोट भरणार आहे का तुझं?"

हेमा अंगणात गेली. कोहळ्यात कुंकू भरलं. फोडला. हात धुतले.

९४ टक्के

९४

जुन्या डिस्कवर झेंडूचं फूल होतं. हळदकुंकवाची बोटं होती. वायर काढून, नीट गुंडाळून शेजारी ठेवलेली.

"आयुधपूजेला हत्यार चालू ठेवतात का गं?" साकम्मा म्हणाली. "जन्मभर राबलं माझ्या नंजाचं हत्यार. आज तरी विसावा घेऊ दे त्याला."

हेमाने वायर जोडली. एक टक.

मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने तिने नवी डिस्क उघडली. 'अव्वा' लावलं. साकम्माचा जुना, खणखणीत आवाज घरभर झाला. मध्येच नंजुंडा हसला. "अव्वा, हे कडवं परत म्हण."

साकम्मा हातातल्या माळेसकट मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "सगळं आलं ना गं त्याचं?"

अव्वा. ऊर. कावेरी. मळवळ्ळी. शाळा.

'शाळा'च्या खाली पांढरी जागा होती. हेमाने तिच्यावर तळवा ठेवला.

"आलं, अत्ते. सगळं आलं."